प्रेषक

फोन आला तेव्हा माझ्या हातात एका अनोळखी बाईचा वरचा जबडा होता. प्लास्टरचा, अर्थात. त्यावर मेणात दात बसवत होतो. पुढचे सहा बसले होते, डावी दाढ चिमट्यात होती, आणि अशा वेळी मी फोन घेत नाही हे लॅबमध्ये सगळ्यांना ठाऊक आहे. पण तो वाजतच राहिला, म्हणून शेवटी करंगळीनं स्पीकर दाबला. पलीकडून कुणीतरी मोकळ्या रानात ओरडतात तसं ओरडलं, "हॅलो साहेब, तुमचं सामान सापडलंय." मी म्हटलं, माझं काहीही हरवलेलं नाही, राँग नंबर. "राँग कसा? खोक्यावरच लिहिलाय. प्रेषक म्हणून तुमचं नाव, खाली हा नंबर. नऊ खोकी आहेत. जमिनीत होती." जमिनीत म्हणजे? "जमिनीत म्हणजे जमिनीत, साहेब. पुरलेली. मी खोदकामवाला. तुमच्या ताईंकडे संडासाच्या टाकीचा खड्डा घेतलाय ना, त्यात लिंबाची रांग येत होती. झाडं उपटली तर एकेका झाडाखाली एकेक खोकं. आमचा माणूस म्हणाला हात लावू नका, फुटेल-बिटेल. मी म्हटलं, नंबर आहे तर विचारून घेऊ. उघडू का?"

"उघडू नका!" मी इतक्या जोरात ओरडलो की समोरच्या टेबलावरच्या दोघांनी माना वर केल्या आणि काचेपलीकडून मालकानंही पाहिलं. फोन बंद केला. डावी दाढ मेणात तिरकी बसली होती. ती काढून पुन्हा बसवायला एक मिनिट लागतं. मला वीस मिनिटं लागली, आणि तरी ती तिरकीच राहिली. शेवटी मी तो जबडा तसाच झाकून ठेवला आणि उद्याची रजा मागायला मालकाकडे गेलो. काय झालं म्हणून त्यानं विचारलं. मी म्हटलं, घरचं आहे. घरचं म्हटलं की लोक पुढे विचारत नाहीत, हे एक बरं आहे.

नऊ खोकी. कोणती ते कुणी सांगायला नको, मला ती पाठ आहेत. पहिल्या वर्षी दात. म्हणजे कवळी, वरची आणि खालची, माझ्या हातची. मग रेडिओ. मग लोकरीचं जाकीट, आतून अस्तर लावलेलं. कानाचं यंत्र. रक्तदाब मोजायचं यंत्र, ज्याच्यावर आकडे मोठे दिसतात ते. बूट. विजेरी. मोठ्या काट्यांचं घड्याळ. शेवटी शेवटी कमरेचा पट्टा. दर वर्षी थंडी सुरू व्हायच्या आत एक, चुकवलं नाही. लोक आईबापांना विसरतात, मी विसरलो नाही. हे वाक्य मी किती जणांना ऐकवलं असेल देव जाणे. बायकोला, तिच्या माहेरच्यांना, लॅबमधल्या नव्या पोरांना. आणि पॅकिंग! आमच्या लॅबमधून बाहेरगावी जबडे जातात, त्यांना ओल लागली की कामातून गेले. आधी एक पिशवी, तिचं तोंड गरम इस्त्रीनं बंद, मग फुगेवाला कागद, मग दुसरी पिशवी, मग खोकं, मग खोक्यावर पुन्हा प्लास्टिक आणि चहूबाजूंनी पट्टी. पॅकिंगमध्ये माझा हात धरणारा कोणी नाही, असं मालक चारचौघांत म्हणतो. बाबांची खोकी तर मी त्याहून पक्की बांधायचो. पत्ता ठसठशीत अक्षरांत. प्रेषक, त्याखाली माझं नाव, त्याखाली नंबर. आता तुम्ही म्हणाल, बापाला पाठवायच्या खोक्यावर प्रेषक कशाला लिहायचं, त्याला कळणार नाही का कोणी पाठवलं? मलाही तेव्हा तसंच वाटायचं. तरी लिहायचो.

त्या दुपारी घरी जाताना डोक्यात एकच गोष्ट होती, आणि तिला दोनच टोकं होती. पुरलं कुणी? एक तर ताईनं, नाही तर बाबांनी. ताईनं पुरलं असेल तर माझ्यावर अन्याय झाला. मी पाठवत राहिलो, ती गाडत राहिली, आणि बिचारे बाबा मुलानं काहीच पाठवलं नाही असं समजून गेले. वाईट, फार वाईट, पण त्यात मी चांगला. बाबांनी पुरलं असेल तर मग दहा वर्षं मी कुणाला काय सांगत होतो? मी रस्ता ओलांडायला थांबलो होतो. सिग्नल हिरवा झाला, लोक मला धक्के मारून पुढे गेले, आणि मी तिथेच उभा राहून मनातल्या मनात हात जोडले. ताईच असू दे, म्हटलं. सख्ख्या मोठ्या बहिणीसाठी मी हे मागितलं. जिनं मला कडेवर घेऊन शाळेत सोडलं, तिच्यासाठी. लाज वाटली का? वाटली. पण मागणं मागे घेतलं नाही.

कारण फोनवर तर बाबा हो म्हणायचे. महिन्याच्या पहिल्या रविवारी मी फोन करायचो, दोन मिनिटं. मिळालं का? मिळालं. कसं आहे? ठीक. दात बसले का नीट? बसले. आणि इथे एक गोष्ट सांगून टाकतो, कारण आज ना उद्या ती बाहेर येणारच. मी तीस वर्षं दात करतोय. तोंडात दात नसले की माणसाचा 'द' पसरतो, 'स' निसटतो. पुढच्या खोलीत डॉक्टर पेशंटशी बोलत असतो तेव्हा आतल्या खोलीतून, न बघता, मी सांगू शकतो की या म्हाताऱ्यानं कवळी घातलीय की खिशात ठेवलीय. बाबा फोनवर "दात बसले" म्हणायचे तेव्हा तो 'द' कसा यायचा हे माझ्या कानाला कळत होतं. कानाला कळत होतं आणि मला कळत नव्हतं. लाइन खराब आहे, असं मी समजायचो. दहा वर्षं लाइन खराब.

आणि जायचं म्हणाल तर जाणं झालं नाही. पाच तासांचा तर रस्ता. आधी मुलीची शाळा, मग बायकोचं आजारपण, मग लॅबमध्ये माणसं कमी. खरं सांगू? जाणं झालं नाही असं नाही, मी गेलो नाही. गेल्या वर्षी बाबा गेल्याचा फोन आला तेव्हा गेलो, आणि संध्याकाळच्या बसनं परत आलो. त्यांना ओट्यावर ठेवलं होतं. हनुवटीखालून डोक्यावर फडकं बांधलं होतं, आणि गाल आत गेले होते, हनुवटी नाकाला टेकायला आल्यासारखी. असा चेहरा एका दिवसात होत नाही. हाड झिजायला वर्षं लागतात, मी रोज असली हाडं प्लास्टरमध्ये बघतो. तरी तिथे उभं राहून मी स्वतःची समजूत घातली की मेल्यावर कवळी काढून ठेवतात. ताईला विचारायला काय हरकत होती, कवळी कुठे ठेवलीस? नाही विचारलं. लोक म्हणाले, मुलगा दगड झालाय दुःखानं.

सकाळच्या बसमध्ये खिडकीची जागा मिळाली. मला वाटलं होतं वाटेत ताईला काय बोलायचं ते ठरवीन, पण डोळ्यांसमोर सारखा तो रविवार येत राहिला. बाबा तेव्हा सत्तरीचे. आयुष्यात पहिल्यांदा शहरात आलेले, माझ्यासाठी नाही, दातांसाठी. माझ्यासाठी नाही असं मी म्हणतो. ते काय म्हणाले असते कोण जाणे. डॉक्टरकडे न्यायचं तर वेळ मागा, रांगेत बसा. मी म्हटलं, रविवारी लॅब बंद असते, किल्ली माझ्याकडे असते, माप मीच घेतो. माप घेणं माझं काम नाही, ते डॉक्टरचं; पण तोवरच्या वीस वर्षांत किती मापं हाताखालून गेली, त्यात काय मोठंसं. बाबांना खुर्चीवर बसवलं. ते इकडेतिकडे बघत होते. फळीवर ओळीनं ठेवलेले जबडे बघून म्हणाले, "एवढे सगळे तू केलेस?" आवाजात कौतुक होतं. ते मी ऐकलं होतं, आठवतं मला. मग मी ट्रेमध्ये गुलाबी लगदा भरला आणि त्यांच्या तोंडात कोंबला. जरा जास्तच भरला होता. तो मागे घशात उतरला आणि त्यांना उमासा आला. बाबा हात झाडायला लागले. मी त्यांचं डोकं काखेत दाबून धरलं आणि म्हटलं, हलू नका, माप बिघडेल. तीन मिनिटं लागतात घट्ट व्हायला. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी, सदऱ्यावर उलटी. मी म्हटलं, "लहान मुलासारखं काय करताय, बाबा!" खेकसूनच म्हटलं. आणि नेमका त्याच वेळी मालक दार उघडून आत आला, कसलेसे कागद विसरला होता म्हणून. उलटीचा वास, मळका सदरा, पायांत टायरच्या वहाणा. त्यानं नाकाला रुमाल लावून विचारलं, "हे कोण?"

मी म्हटलं, "गावाकडचे आहेत. ओळखीचे."

बाबांच्या तोंडात ट्रे होता. बोलता येत नव्हतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही, समोरच्या फळीकडे बघत राहिले. हात झाडायचे मात्र थांबले. उरलेलं दीड मिनिट ते इतके स्थिर बसले की तसं माप मला पुन्हा कुणाचं मिळालं नाही. मालक गेल्यावर मी ट्रे काढला, तोंड पुसायला टॉवेल दिला, म्हटलं, तो मालक आहे ना, रविवारी लॅब वापरलेली त्याला चालत नाही, म्हणून तसं बोललो. खरंही होतं ते, निम्मं. बाबा म्हणाले, "बरोबर आहे." दुसऱ्या दिवशी उठून बघतो तर अंथरुणाची घडी घातलेली. पहिल्या बसनं निघून गेले होते.

आता कवळीचं असं असतं की नुसत्या मापावर ती होत नाही. माप घेतल्यावर मेणात दात बसवून माणसाच्या तोंडात घालून बघावे लागतात. तो चावतो कसा, वरचा खालच्यावर कुठे टेकतो, ते प्लास्टर सांगत नाही, माणूस सांगतो. मग पक्की झाल्यावर पुन्हा आठ-पंधरा दिवस कुठे टोचतं ते बघून आतून घासून द्यावी लागते. जगात अशी कवळी नाही जी पहिल्या दिवशी टोचत नाही. हे मी शिकाऊ पोरांना पहिल्या आठवड्यात शिकवतो. आणि मी काय केलं? चाव अंदाजानं धरला, दात बसवले, पक्की केली, आरशासारखं पॉलिश केलं, दोन पिशव्यांत बंद केली आणि पाठवून दिली. सोबत चिठ्ठी: बसतील. ते थांबले असते तर ट्रायल झाली असती, असं मी बायकोला म्हणालो. ती म्हणाली, म्हाताऱ्या माणसांना कुठे कळतं.

घराच्या वळणावर उतरलो तेव्हा ऊन चढलं होतं. बाबांची रोपवाटिका होती एके काळी, लांबून लोक त्यांच्याकडून कलमं न्यायचे. आता नुसते रिकामे वाफे. खोदकामवाला मशीन बंद करून सावलीत बसला होता. जाडजूड, बोलघेवडा माणूस. मला बघताच उठला. "या साहेब. बघा, सगळी धुऊन ठेवलीत." ओट्यावर नऊ खोकी ओळीनं मांडली होती. पुठ्ठा पिचला होता, पण प्लास्टिक शाबूत. आतलं माझं अक्षर जसंच्या तसं, नऊ वेळा. प्रेषक, प्रेषक, प्रेषक. शेजारी उपटलेली लिंबं पडली होती. त्यातली पहिली तर आठ-दहा वर्षांची, तीही माझ्या कमरेला येत नव्हती. खोदकामवाल्यानं एक उचलून उलटं धरलं. "बघा ना. मुळं खाली गेली, तुमच्या खोक्यावर आपटली आणि तिथल्या तिथे गोल फिरत बसली. वाढणार कुठून? पॅकिंग मात्र एकदम पक्कं हां तुमचं! ताई बिचाऱ्या रोज पाणी घालायच्या म्हणे. गुडघे असे, आणि बादली घेऊन रोज. वडील बसून सांगायचे, इकडे घाल, तिकडे घाल. खड्डेसुद्धा वडिलांनी स्वतःच खणलेले, कुणाला हात लावू दिला नाही, असं ताई सांगत होत्या."

खड्डे खणले म्हणजे पुरलं असं थोडंच, मी स्वतःशी म्हटलं. खणले त्यांनी, टाकलं तिनं, ते पाठमोरे असताना. होऊ शकतं. पण बाबा खड्डा कसा खणायचे ते मी लहानपणी रोज बघितलंय. उन्हाळ्यात खणायचे, महिनाभर तापू द्यायचे, मग स्वतः आत उतरून हातानं तळ चाचपायचे. एवढासा खडा लागला तरी उचलून बाहेर फेकायचे. खड्डा झाडाच्या उंचीचा नाही, मुळांच्या भुकेचा खणायचा, असं म्हणायचे. तो माणूस प्लास्टिकनं गुंडाळलेल्या खोक्यावर झाड लावील आणि त्याला कळणार नाही? वाढणार नाही हे माहीत असताना लावलं. आणि ताईला पाणी घालायला लावलं. दर वर्षी एक नवं. हे मनात आलं आणि मी ते जिथल्या तिथे दाबलं.

ताई आतून आली. भिंतीला धरून. दोन्ही गुडघे बाहेरच्या बाजूला वाकलेले, पाऊल टाकताना दर वेळी डोळे मिटत होती. "आलास, छोट्या? जेवलास का काही?" पुढच्या महिन्यात तिला आमच्याकडे यायचं होतं. शहरातल्या इस्पितळात गुडघ्यांचं ऑपरेशन ठरलं होतं, दीड महिना आमच्या घरी राहायचं, बायकोनं आढेवेढे घेत का होईना हो म्हटलं होतं. रात्री-बेरात्री बाहेरच्या संडासात जाववत नाही, म्हणून परत आल्यावर घरालगत सोय हवी, त्यासाठी हा खड्डा. तिनं रिपोर्टांची पिशवी आतापासून खुंटीला लावून ठेवली होती, मला दिसली. मी तिच्याकडे नीट बघितलं नाही. म्हटलं, आधी हात-पाय धुतो. आणि पहिलं खोकं उचलून मागच्या हौदाकडे गेलो.

पहिलं म्हणजे सगळ्यात लहान. बाकीची आठ मी बांधली तशीच होती, पट्टीसुद्धा उचकटलेली नव्हती. हे एकच उघडलेलं होतं. उघडून पुन्हा बांधलं होतं, कलम बांधायच्या पट्टीनं, एकावर एक सारखे वेढे, शेवटचं टोक आत खोचलेलं. तो वेढा मी डोळे मिटून ओळखीन. सोडला. आत पिशवीत कवळी होती. मी ती उजेडात धरली, आणि पुढचं सगळं कवळीनंच सांगितलं. दुसऱ्या कुणाला ती जुनी गुलाबी कवळी दिसली असती. मला ती वाचता येते, माझं दुर्दैव. चावायच्या बाजूला दात एकाच कडेला झिजलेले, चाव चुकलेला असतो तेव्हा झिजतात तसे. म्हणजे घातली होती. एक-दोन दिवस नाही, महिने. आणि आतून, जिथे हिरडीला टोचतं नेमकं तिथे, कापलेली. घासलेली नाही, कापलेली. चाकूनं पापुद्रा पापुद्रा काढलेला, तिरका, लांब, एका ओढीत. कलमाच्या काडीला देतात तसा काप. उजवीकडून डावीकडे न जाता डावीकडून उजवीकडे गेलेला. बाबा डावखुरे होते. ताईनं त्यांच्या चाकूला कधी हातही लावलेला नव्हता, लावू देत नसत. मी मोजले ते काप. एकोणीस. एक काप म्हणजे एक व्रण, तोंडात, भाकरी-भाजीसकट. एकोणीस वेळा त्यांनी ती काढली, चाकूनं तासली आणि पुन्हा घातली. मी पाठवलेली म्हणून. फोनवर मला म्हणाले, बसले. विसाव्या वेळी ती पट्टीनं बांधली, खड्डा खणला आणि वर लिंबू लावलं. आणि त्यानंतरचं एकही खोकं उघडून बघितलं नाही.

मी हौदाच्या कडेवर बसलो. रडू आलं नाही. राग आला, तोही बाबांचा. एक शब्द बोलला असतात! "टोचतंय" म्हणाला असतात तर मी आलो असतो. आलो असतो का? माहीत नाही. पण तुम्ही मला ती संधीच दिली नाहीत, वर माझ्या नावावर झाडं लावलीत खुरटायला. असा कसला बाप? असं सगळं मनात बोलून झालं आणि मग एकदम भीती वाटली. आता हे घेऊन घरी जायचं. बायकोला सांगायचं की बाबांनीच. मुलीला सांगायचं. लॅबमध्ये सांगायचं, कारण तिथे सगळ्यांनी फोन ऐकला होता. आणि त्यांनी विचारलं, का हो, का पुरलं असेल, की सांगायचं तो रविवार. मी कवळी रुमालात गुंडाळून खिशात घातली, खोकं पुन्हा पट्टीनं बांधलं आणि पुढे आलो.

ताई ओट्यावर बसली होती. माझ्या चेहऱ्याकडे ती बराच वेळ बघत राहिली. लहानपणी मी कुठून मार खाऊन आलो की बघायची तशी. मग तिनं पदर सारखा केला आणि अगदी साध्या आवाजात म्हणाली, "छोट्या, ती खोकी मी पुरली."

खोदकामवाल्यानं चमकून वर पाहिलं. "पण ताई, तुम्ही तर काल..."

"तुम्ही गप्प बसा हो," ताई त्याला म्हणाली, आणि माझ्याकडे वळली. "मीच. बाबांना दाखवलीच नाहीत. मला राग यायचा. मी इथे त्यांचं सगळं करायचे, उठवायचे, बसवायचे, पातळ करून भरवायचे, आणि पोस्टमन आला की गावभर नाव तुझं. मुलगा बघा कसा. म्हणून पुरली."

शेवटचं खरं होतं. तो राग खरा होता, आवाजात लपत नव्हता, म्हणूनच ते खोटं इतकं छान उभं राहिलं. आणि एवढं बोलून ती थांबली. ती कशासाठी थांबली ते मला कळलं. इतकं कळलं की आजही अंगावर काटा येतो. तिनं मला माझी सुटका देऊ केली होती, आणि ती मी घेणार नाही, असं तिला वाटत होतं. एवढं तरी हा करील. म्हणेल, नाही ताई, तू नव्हेस. मला फक्त तेवढंच म्हणायचं होतं. खिशात हात घालून रुमाल बाहेर काढायचा होता.

"मला वाटलंच होतं," मी म्हणालो.

ताईचे डोळे माझ्यावरून हलले नाहीत. आणि मी सुरू झालो. एकदा तोंड उघडल्यावर मला थांबता येईना. म्हटलं, दहा वर्षं तू त्यांना बिनदाताचं ठेवलंस. हो, ती म्हणाली. म्हटलं, थंडीत कुडकुडत ठेवलंस, बहिरं ठेवलंस, कपाटात एवढं सगळं येऊन पडायला हवं होतं ते मातीत घातलंस. हो. म्हटलं, माणूस आहेस की कोण आहेस? माझा आवाज चढत गेला, आणि मजा बघा, मला खरोखर राग येत गेला. तिचा. डोळ्यांत पाणी आलं. मी हात हलवत होतो, खोक्यांकडे बोट दाखवत होतो, खोदकामवाल्याला साक्षीला धरत होतो. "तुम्हीच सांगा, सख्खी बहीण असं करते का?" तो खाली मान घालून म्हणाला, "कठीण आहे, साहेब." मग मी म्हटलं, "मरताना त्यांना वाटलं असेल की मुलगा मला विसरला. हे तुझ्यामुळे." तेव्हा मात्र ताईनं हात वर केला. "एवढं नको बोलू, छोट्या," ती म्हणाली. "हे एवढं नको." मी ते पुन्हा बोललो.

निघताना मी एकही खोकं घेतलं नाही. म्हटलं, तुझ्या खड्ड्यात घाल परत. ती भिंतीला धरून फाटकापर्यंत आली. खोदकामवाल्यानं मशीन सुरू केलं होतं, त्यामुळे तिला जवळ येऊन बोलावं लागलं.

"ते पहिलं उघडलंस का रे?"

"नाही," मी म्हणालो.

"बरं," ताई म्हणाली. माझ्या खिशाकडे तिनं बघितलं, तिथे रुमालाचा फुगवटा होता. मग माझ्या खांद्यावरचा धागा काढून टाकावा तसा हात फिरवला आणि वळून परत गेली. तिला पायरी चढायला किती वेळ लागतो ते बघायला मी थांबलो नाही.

बसथांब्यावर कचऱ्याचं पिंप होतं. मी कवळी रुमालातून काढली. एका टपरीवरून जुना कागद मागून घेतला, तिच्यावर दोन वेढे दिले, वरून रुमालाची गाठ मारली आणि पिंपात अगदी तळाशी, हात कोपरापर्यंत घालून, सालपटांखाली सरकवली. दोन ट्रायल लागल्या असत्या. जास्तीत जास्त तीन. बस सुटल्यावर बायकोला फोन लावला. ताईनं केलं सगळं, म्हटलं, स्वतःच्या तोंडानं कबूल केलं, माणसांसमोर. बोलता बोलता मला हुंदका आला, पुढच्या सीटवरच्या बाईनं वळून बघितलं आणि पाण्याची बाटली पुढे केली. बायको फोनवर म्हणत होती, तुम्ही किती केलंत हो त्यांच्यासाठी, किती जीव टाकलात. मग तिचा आवाज कडक झाला. "आता पुढच्या महिन्यात त्या बाईला या घरात आणायचं नाही. गुडघे गेले तर जाऊ देत. मी आत्ताच इस्पितळात कळवते."

मी खिडकीबाहेर बघितलं. "हो," म्हटलं, "कळव." त्या बाईला बाटली परत दिली, डोकं मागे टेकलं आणि मला लगेच झोप लागली. शेवटच्या थांब्यावर कंडक्टरनं हलवून उठवलं तेव्हा बसमध्ये दुसरं कुणी नव्हतं.